नाताळभर काय ऐकावं आणि कसं ऐकावं: वसई ते वेंगुर्ले, घरोघरच्या श्रोत्यांसाठी

डिसेंबर लागला की वसईच्या वाड्यांपासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत दारोदारी कागदी चांदण्या लागतात, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या हिरवळीसाठी परातीत नाचणी पेरली जाते आणि मोबाईलवर कुठली तरी तयार यादी सुरू होते. ती यादी बहुधा परदेशातल्या दुकानांसाठी बनवलेली असते. तिच्यात घंटा असतात, बर्फ असतो, घसरगाडी असते. बाळ मात्र क्वचितच असतं. नाताळ हा जन्मोत्सव आहे आणि त्याचं संगीत मुळात पाळण्याचं आहे, असं माझं ठाम मत आहे. रामनवमीला किंवा गोकुळाष्टमीला पाळण्याची दोरी हातात घेतली की आवाज आपोआप खाली येतो, हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. तोच कान ठेवून नाताळची गाणी निवडावीत. त्यासाठी काय काय करायचं ते पुढे क्रमाने देतो. आपण ख्रिस्ती असा किंवा शेजारच्या घरातून करंज्यांचं ताट येणारे असा, हे सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

पहिलं काम: कॅलेंडर समोर घ्या

नोव्हेंबर संपायच्या आत हे करा. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार शोधा. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कुठेही येतो, आणि तिथून आगमनकाळ सुरू होतो. नाताळच्या आधीचे हे चार रविवार वाट पाहण्याचे असतात. या दिवसांत चर्चमध्ये जांभळी वस्त्रं असतात आणि रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) 'ग्लोरिया' हे देवाच्या गौरवाचं स्तोत्र म्हणत नाहीत. २४ च्या रात्री तो परत येतो, घंटा वाजतात, आणि महिनाभर न ऐकल्यामुळेच तो अंगावर काटा आणतो.

घरच्या संगीतालाही हीच शिस्त लावा. मोठ्या आनंदाची गाणी २४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवा. १ डिसेंबरपासून रोज ढोल-ताशे वाजले तर २५ तारखेला ऐकायला काही उरत नाही. उलट २६ ला सकाळी सगळं बंद करायचीही घाई नको. नाताळचे दिवस परंपरेने तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत चालतात. चर्चमध्ये हा सण आता जवळच्या रविवारी होतो, पण गोव्यात रेइस मागुश, चांदोर आणि कासावली इथे ६ तारखेचं महत्त्व अजून आहे.

म्हणजे याद्या तीन करायच्या: आगमनकाळाची, २४ च्या रात्रीची आणि २५ ते ६ जानेवारीची. घरात लहान मुलं असतील तर त्यांची चौथी.

दुसरं काम: आधी आपल्या भाषेतलं जमवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण हे कुठल्याही ॲपमध्ये आयतं मिळत नाही.

सुरुवात फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून करा. जेझुइट या कॅथलिक संघातले हे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले, साष्टीत राहिले आणि त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पहिल्या पुराणात बायबलच्या जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूच्या जन्मापासून पुढची. देवनागरीत छापलेल्या आवृत्त्या मिळतात. दुसऱ्या पुराणातला जन्माचा भाग काढा, पंधरा-वीस ओव्यांना खूण करा आणि आगमनकाळातल्या एखाद्या रविवारी रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या कुणाला तरी त्या मोठ्याने म्हणायला सांगा. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण खाली उतरतो. ही चाल आजीच्या पिढीने जात्यावर म्हटलेली असते, त्यामुळे ती बसवायला वेळ लागत नाही. जुने शब्द अडले तरी थांबू नका. दोन ओव्यांनंतर कान सरावतो.

दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. त्यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, म्हणजे कोकणातलाच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग, ओवी, पदं, कीर्तन यांतलं काही सोडलं नाही. तेच घेऊन ते चर्चमध्ये गेले. त्यांची कितीतरी गीतं 'उपासना संगीत' या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आहेत. अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. टिळकांचं गीत ऐकताना पेटी, टाळ आणि तबला एवढ्याच साथीचं ध्वनिमुद्रण शोधा. कीबोर्डच्या जाड थराखाली त्यातला अभंग दबून जातो.

कॅथलिक घरांची गोष्ट थोडी वेगळी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते १९६५) मिस्सा लॅटिनमध्ये होई. त्यानंतर ती लोकभाषेत आली आणि वसईत मराठी मिस्सेसाठी मराठी गीतं लागू लागली. म्हणून आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांना 'आदेस्ते फिदेलेस' हे नाताळगीत लॅटिनमध्ये पाठ असतं आणि त्यांच्या नातवंडांना मराठी नाताळगीतं. एकाच घरातली ही दोन्ही गाणी यादीत लागोपाठ ठेवा.

शोधायचं कसं? देवनागरीत 'नाताळ गीत', 'वसई नाताळ गीते', 'कादोडी नाताळ' असं टाकून पाहा. कादोडी म्हणजे वसईची सामवेदी बोली; तिच्यातली गाणी शेवटच्या शोधात सापडण्याची शक्यता जास्त. कोकणीसाठी रोमन अक्षरांतही शोधा, कारण गोव्यातली बरीच गाणी रोमी लिपीतच नोंदलेली असतात. तळकोकणात राहत असाल तर आकाशवाणी पणजीचे कोकणी कार्यक्रम डिसेंबरात आवर्जून लावा. आणि सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे आपल्या चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, ऑर्गनवादकाला गाठणं. त्याच्याकडे वह्या असतात, आणि कुठलं गाणं कुठल्या वर्षी बसवलं हे त्याला तोंडपाठ असतं.

गाणं ठेवायचं की वगळायचं, हे ठरवताना आवाज निम्म्यावर आणा. तरीही शब्द कळत असतील तर ठेवा. शब्द पुसले गेले आणि नुसता ठेका उरला तर सोडून द्या, मग ते कितीही गाजलेलं असो.

तिसरं काम: बाहेरचं निवडताना पाळण्याची लय ओळखा

युरोपातल्या नाताळ-संगीतात एक खूण वारंवार भेटते आणि ती आपल्याला सहज पकडता येते. 'सायलेंट नाइट' लावा आणि हाताने दादरा धरा: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. गाणं अलगद त्यात बसतं. हे गीत ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रूबर यांची. दोन पुरुषांचे आवाज, साथीला एक गिटार, आणि शेवटच्या ओळी परत म्हणायला क्वायर, एवढाच सरंजाम होता. आज मोठमोठे वाद्यवृंद ते इतकं संथ ओढतात की झोका थांबूनच जातो. म्हणून दोन आवाज आणि गिटारचं ध्वनिमुद्रण शोधा. ते किंचित चालतं असतं आणि पाळणा हलतो आहे हे जाणवतं. तुमच्या वाडीतल्या मुलांना गिटार येत असेल तर त्यांच्याकडून तसंच म्हणून घ्या. तीन-चार कॉर्डमध्ये निभतं.

हीच झुलती लय मेंढपाळांच्या संगीताची. इटलीतले मेंढपाळ नाताळच्या सुमाराला डोंगर उतरून रोमला येत आणि रस्त्यांवर पिपाण्या वाजवत. एक धून वाजवायचा, खाली अखंड सूर धरलेला असायचा, आपल्याकडे सनईबरोबर सूर धरणारा असतो तसा. संगीतकारांनी ही लय उचलली. कोरेल्ली यांच्या 'ख्रिसमस कॉन्चेर्तो'चा (ओपस ६, क्रमांक ८, प्रसिद्धी १७१४) शेवटचा भाग ऐका. हँडेल यांच्या 'मसाया' या येशूवरच्या मोठ्या गायनरचनेतला 'पीफा' नावाचा छोटा वाद्यतुकडा ऐका. त्यानंतर बाख यांच्या 'ख्रिसमस ओरेटोरिओ' या तशाच गायनरचनेच्या दुसऱ्या भागाची सुरुवात. तिथे व्हायोलिन आणि बासऱ्या एका बाजूला, चार ओबो (सनईसारखी फुंकवाद्यं) दुसऱ्या बाजूला; देवदूत आणि मेंढपाळ आळीपाळीने बोलत आहेत असं त्याचं वर्णन केलं जातं. तिन्ही लागोपाठ ऐकायला अर्धा तासही लागत नाही. खालचा धरलेला सूर पहिल्यांदा कानात भरला की मग तो कुठेही ओळखू येतो. बाख यांच्या त्याच दुसऱ्या भागात पुढे खालच्या पट्टीतल्या आवाजाचं एक अंगाईगीत आहे. जर्मन कळायची गरज पडत नाही.

'मसाया'बद्दल एक सूचना. १७४२ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला ते पहिल्यांदा झालं, तेही तुरुंगातले कर्जदार आणि इस्पितळं यांच्या मदतीसाठी. नाताळात त्याचा फक्त पहिला भाग ऐका, साधारण तासाभराचा. प्रसिद्ध 'हालेलुया' दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो. जन्माच्या कथेशी त्याचा थेट संबंध नाही. तरी ऐकायचाच असेल तर २५ च्या सकाळी ऐका.

आगमनकाळासाठी 'ओ कम, ओ कम, इमॅन्युएल' हे एक गीत पुरेसं आहे. १७ ते २३ डिसेंबर रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत एकेक जुनी लॅटिन विनवणी म्हटली जाते. त्या विनवण्यांवर हे गीत उभं आहे. त्या आठवड्यात रोज दिवेलागणीला एकदा लावा.

'मेरीज बॉय चाइल्ड' हे गाणं, अमेरिकी गायक जिम रीव्ह्ज, बोनी एम. हा डिस्को गट, ही नावं कोकणपट्टीच्या ख्रिस्ती घरांत नात्यातल्या माणसांसारखी घेतली जातात. जिम रीव्ह्ज यांची नाताळची तबकडी १९६३ ची. आवाज इतका मऊ आणि उच्चार इतके स्वच्छ की इंग्रजी कमी कळणारी माणसंही सोबत म्हणतात. 'मेरीज बॉय चाइल्ड' आधी हॅरी बेलाफाँटे यांनी १९५६ मध्ये गायलं, मग १९७८ मध्ये बोनी एम. यांनी त्याला नाचवलं. पहिलं रात्री लावा, दुसरं पाहुणे जमल्यावर अंगणात.

'जिंगल बेल्स'मध्ये नाताळचा उल्लेखच नाही; ते १८५७ चं थंडीतल्या सफरीचं गाणं आहे. मुलांना आवडतं, त्यांच्या यादीत राहू द्या. 'व्हाइट ख्रिसमस' मात्र मी आग्रहाने ठेवतो. बिंग क्रॉस्बी यांनी १९४२ मध्ये गायलेल्या या गाण्याची आणि त्याच्या सुरुवातीच्या, बहुतेकदा गाळल्या जाणाऱ्या कडव्याची गंमत अशी की ते कडवं घडतं ऊन आणि ताडामाडांच्या लॉस एंजेलिसमध्ये. घर सोडून उन्हाच्या मुलखात आलेल्या माणसाची ती आठवण आहे. आखातात नोकरी करणारं कुणी ज्या घरात आहे, तिथे त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मुलांसाठी चायकोव्स्की यांची 'नटक्रॅकर' स्वीट, पंचवीसेक मिनिटांची. १८९२ च्या या बॅलेमध्ये साखरपरीच्या नाचाला चेलेस्टा हे तेव्हा अगदी नवं वाद्य आहे. दिसायला छोटा पियानो, आत धातूच्या पट्ट्या. मुलांना डोळे मिटून तो टिणटिण आवाज कुठून सुरू होतो ते ओळखायला सांगा.

चौथं काम: सगळं उतरवून ठेवा

कोकणात ऐनवेळी रेंज जाते, वीजही जाते. २० डिसेंबरपर्यंत तिन्ही याद्या फोनवर उतरवून घ्या आणि विमान मोड लावून एकदा वाजवून बघा. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलला तासाला साधारण १४४ एमबी लागतात, म्हणजे वीस तासांचं संगीत तीन जीबीत मावतं. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. टीव्हीला आणि गाडीलाही चालते.

ॲपच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी तपासा. एका गाण्यात दुसरं मिसळणारा क्रॉसफेड बंद हवा. यादी संपल्यावर आपोआप भलतंच लावणारं ऑटोप्ले बंद हवं. आणि बाख-हँडेल ऐकताना गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल बंद हवं.

पाचवं काम: स्पीकर नीट ठेवा

अंगणाच्या मधोमध ठेवलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर खाऱ्या वाऱ्यात हरवतो, मग आपण आवाज वाढवतो आणि तो किंचाळतो. त्यापेक्षा पडवीत, भिंतीपासून वीतभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मागची भिंत खालचे सूर भरून देते. घरात गुळगुळीत लाद्या आणि रिकाम्या भिंती असतील तर क्वायरचा आवाज घुमतो. समोर चटई किंवा जाड गोधडी अंथरली की शब्द सुटे होतात. समुद्रालगतच्या घरांत स्पीकर रोज कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर जाळीला आणि चार्जिंगच्या खाचेला गंज चढतो.

लाउडस्पीकर लावणार असाल तर नियम लक्षात ठेवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त १५, ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवून मिळू शकते. ते दिवस जिल्ह्यात जाहीर होतात, म्हणून आधी चौकशी करा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पाळण्याच्या गाण्याला तेवढे पुरतात.

२४ तारखेची संध्याकाळ

दुपारी नेवऱ्या, कुलकुल, फुग्या तळताना जिम रीव्ह्ज आणि मराठी गीतं चालू द्या. हात पिठात असताना फोनला हात लावावा लागू नये, म्हणून दोन तासांची सलग यादी लावा.

रात्री साडेआठला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधला 'नाइन लेसन्स अँड कॅरोल्स' हा बायबलमधली नऊ वाचनं आणि नाताळगीतं यांचा कार्यक्रम सुरू होतो. तिथे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. १९१८ पासून ही उपासना होते आणि १९२८ पासून, एखादा अपवाद सोडता, बीबीसी रेडिओवरून ऐकू येते. बीबीसीच्या संकेतस्थळावर थेट लावा. पहिला सूर एकट्या मुलाचा असतो, कुठल्याही वाद्याच्या आधाराशिवाय. पहिलं कडवं कोण म्हणणार हे क्वायरमधल्या मुलांना अगदी शेवटच्या क्षणापर्यंत सांगत नाहीत. निवेदक थांबतो, क्षणभर शांतता असते आणि मग तो आवाज येतो. त्या वेळी पंखा आणि टीव्ही बंद ठेवा, जेवणाची भांडी थांबवा. कार्यक्रम दीड तासाचा आहे. मध्यरात्रीची मिस्सा गाठायची असेल तर दहाला उठून तयार व्हायला वेळ मिळतो. मात्र काही चर्चमध्ये मिस्सा लवकर असते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. गैरख्रिस्ती शेजाऱ्यांनाही बहुतेक ठिकाणी मागच्या बाकांवर बसून क्वायर ऐकता येते. वर्षात एकदा तरी ती प्रत्यक्ष ऐकावी.

या दिवसांत कॅरल पार्टी दाराशी आली तर आपलं वाजणारं सगळं बंद करा, दिवा लावा, बाहेर या आणि पूर्ण गाणं उभं राहून ऐका. एखादं मराठी गीत मागून घ्या; क्वायरच्या पोरांना त्याचा फार आनंद होतो.

२५ ते ६ जानेवारी

बाख यांनी 'ख्रिसमस ओरेटोरिओ' १७३४-३५ च्या नाताळात लाइपझिगच्या चर्चसाठी सहा भागांत लिहिला: २५, २६, २७ डिसेंबर, १ जानेवारी, नव्या वर्षाचा पहिला रविवार आणि ६ जानेवारी. तो एका बैठकीत संपवू नका. ज्या दिवसाचा भाग त्या दिवशी, संध्याकाळी चहाबरोबर, पंचवीसेक मिनिटं. पहिला भाग टिंपनीच्या, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांच्या, ठोक्यांनी सुरू होतो, त्यामुळे २५ ला आवाज थोडा मोकळा सोडा.

याच दिवसांत घुमट हे मातीचं तालवाद्यही ऐका. मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं असतं. एक हात त्यावर थाप देतो, दुसरा मागचं छोटं तोंड झाकतो-उघडतो आणि त्यावर आवाजाचा घुमार ठरतो. पूर्वी घोरपडीचं कातडं वापरत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं असतं. २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. तळकोकणात आणि गोव्यात तेच घुमट गणपतीच्या आरतीला वाजतं आणि ख्रिस्ती घरच्या मांडो या कोकणी गाण्यालाही. डिसेंबरच्या दवाने कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते उन्हात किंवा शेकोटीपासून जरा लांब धरून तापवावं लागतं. मुलांना हे दाखवा.

शेवटचं काम: घरातली गाणी टिपून ठेवा

वसईच्या कादोडीत, मालवणीत, कोकणीत आणि कोर्लईच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत म्हटली जाणारी कितीतरी गाणी फक्त वयस्कर माणसांच्या तोंडी आहेत. नाताळच्या सुट्टीत सगळे घरी असतात, तेव्हाच हे उरका. आधी विचारा: गाणं टिपू का, घराबाहेर कुणाला ऐकवलं तर चालेल का? पंखा बंद करा, खिडकी लोटून घ्या. फोन विमान मोडवर टाकून तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा, टेबलावर ठेवला तर प्रत्येक टकटक उमटते. सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि गाणं कुणाकडून शिकलं ते बोलून घ्या. एकदा सलग म्हणू द्या, मध्ये टोकू नका. मग शब्द सावकाश सांगायला सांगा आणि तेही टिपा. आवाज थकलेला असला, एखादी ओळ विसरली तरी पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. फाइलच्या नावात गाव आणि वर्ष घाला, त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवा आणि एक प्रत त्या घरच्या मुलांच्या फोनवर पाठवून द्या.